दोनांच्या किमतीचा एक कोयता

आश्विन लागला की मला धार लावायची हुक्की येते. घट बसले, की घरातली विळी, सुऱ्या, कात्र्या, जे जे म्हणून कापतं ते सगळं मी मागच्या दारी गोळा करते, पाण्याचा तांब्या घेते आणि दगडापाशी फतकल मारून बसते. आमचं घर दौंडला, रुळांच्या जवळ. गाड्या जात-येत असतात आणि त्यांच्या खडखडाटात माझा दगड खरखरत असतो. नवरा दारातून डोकावून विचारतो, "आज कुणावर स्वारी?" शेजारणी आपापल्या विळ्या पदराखाली धरून येतात आणि 'बाई, तेवढी आमचीही' म्हणून ठेवून जातात. मी नाही म्हणत नाही. धार लावता येणं ही माझ्या लेखी बी. एड. होण्याइतकीच मोठी गोष्ट आहे, आणि बी. एड. तर काय, वर्गातल्या सगळ्याच झाल्या होत्या.

मला हे आश्विनातलं ऊन आवडतं असं म्हटलं, की शाळेतल्या बाकीच्या बाई हसतात. त्यांना त्याच्यात ऑक्टोबर हीट दिसते, घामोळं दिसतं. मला त्याचा वास येतो. बाजरी काढून झालेल्या रानातल्या धसकटांचा वास, ओल उडत चाललेल्या काळ्या मातीचा, गोणीत दाबून भरलेल्या झेंडूचा. आणि या सगळ्यांच्या खाली, घोंगड्याच्या आत असतो तसा, मेंढरांच्या लोकरीचा तेलकट, उबदार वास. शेवटचा आता येत नाही. भीमेकाठच्या आमच्या वडगाव रासाईला आता पाण्याच्या मोटारी आहेत, ऊस आहे, मेंढरं नाहीत. तरी आश्विनात तो मला येतोच, आणि त्याबद्दल मी कुणाशी वाद घालत नाही.

परवा अशीच दगडाशी बसले होते आणि बाळूचा फोन आला. बाळू माझा धाकटा भाऊ, पुण्यात कॉलेजला आहे. सुट्टी लागली की कुठल्यातरी गडावर जातो, तिथं तंबू ठोकून राहतो आणि त्याला कॅम्पिंग म्हणतो. त्याच्या बापाची, चुलत्याची, आज्याची निम्मी हयात उघड्यावर मुक्काम करण्यात गेली, आणि हा बहाद्दर पैसे खर्चून तेच करायला जातो. वर दमून आल्याचं कौतुक.

"ताये, दुकानात उभा हाय," तो म्हणाला. "एक लय भारी चाकू हाय. जाड पात्याचा, फांदी बी तुटंल त्येनं. आन् तेवढ्याच पैशात साधे दोन येत्यात. आम्ही दोघं चाललोय, मी आन् माझा रूम पार्टनर. दोन घिऊ का?"

"एकच घे."

"मग त्यो काय करील?"

"मागंल की. तोंड न्हाई व्हय त्याला?"

बाळू हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करते आहे. त्याचा दोष नाही. हाच प्रश्न आमच्या घरात आधी एकदा येऊन गेला होता तेव्हा बाळू रांगत होता. चुलीकडे जाऊ नये म्हणून आईनं त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून ती खुंटाला अडकवलेली असायची आणि तो त्या टापूचा राजा होता. त्या वेळी त्या प्रश्नावर चाकूपेक्षा पुष्कळ मोठं काहीतरी अवलंबून होतं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी शाळेसाठी मामाकडे, तळेगाव ढमढेऱ्याला राहत असे. मामाचा भाजीपाल्याचा मळा होता. नवरात्रात चार दिवस घरी आले आणि पाहते तो घरात एक विचित्र शांतता. दादा म्हणजे माझे वडील आणि आबा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, यांचं बोलणं पोळ्यापासून बंद झालेलं. एकमेकांशी बंद. एकमेकांबद्दल मात्र दिवसभर चालू. दादा ओसरीत बसून मोठ्यानं आईला सांगायचे, "तुझ्या भावजीला सांग, खोंड सुटलाय." खोंड आबांच्या समोर सुटलेला असायचा. आबा जागचे हलायचे नाहीत. मग माझी चुलती, जिला आम्ही पोरं थोरली म्हणायचो, आतून ओरडायची, "आवं, त्यो खोंड काय आता माझ्या सांगण्याची वाट बघतोय व्हय?" तेव्हा कुठं आबा उठायचे.

भांडणाचं कारण साधं होतं आणि म्हणूनच ते मिटत नव्हतं. नदीचं पाणी पाइपातून रानात येणार होतं. दादांना मेंढरं विकून ऊस लावायचा होता. आबांना मेंढरं सोडायची नव्हती. दोघांचंही बरोबर होतं. शेवटी असं ठरलं, की कळप वाटायचा. दादांनी आपल्या मेंढरांच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला, आबांनी आपल्यांच्या पाठीवर निळीचा. दरवर्षी सगळे मिळून दिवाळीच्या सुमारास घराबाहेर पडायचे आणि पश्चिमेला घाटाकडे सरकायचे. या वर्षी आबा एकटे तिकडे जाणार होते. दादा दौंडकडच्या उसाच्या पट्ट्यात, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवत हिवाळा काढणार आणि उन्हाळ्याच्या आत ती विकून मोकळे होणार. कळप दोन, मुक्काम दोन.

पुरुषांच्या दृष्टीनं एवढंच. मुक्काम बायकांचा असतो, हे त्यांच्या ध्यानात कुठून येणार? सकाळी गडी मेंढरं घेऊन निघून जातो. मागं बाई राहते. तिनं बिऱ्हाड घोडीवर लादायचं, पुढच्या रानात जायचं, दगड मांडून चूल करायची, फांद्या तोडायच्या, मेंढरं कोंडायच्या जाळीला खुंट्या करायच्या, कोकरं सांभाळायची, पाणी आणायचं. दोघी असल्या की एक पाण्याला जाते आणि एक राखण करते. एकटी असली की तिनं पाण्याला जावं की रांगत्या पोराकडं बघावं? आई आजवर कधी एकटी मुक्कामाला राहिली नव्हती. पुढं घोडी धरून चालायची ती थोरली, अनोळखी गावच्या पाटलाशी बोलायची ती थोरली. आई भित्री नव्हती, पण तिला भीती वाटत होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी वेणी घालता घालता तिनं एकदा हळूच विचारलं, "एकटीला जमंल का गं मला?" आठवीतल्या पोरीला हे विचारावं लागतं, तेव्हा विचारायला दुसरं कुणी उरलेलं नसतं. मी म्हटलं, "जमंल." मला काही माहीत नव्हतं.

आता कोयत्याचं सांगते. आमच्यात कोयता माणसाचा नसतो, चुलीचा असतो. एका चुलीला एक कोयता. घरातली सून वेगळी निघाली की तव्याच्या आधी तिला कोयता मिळतो, आणि ज्या बाईच्या ओझ्यात आपला स्वतंत्र कोयता दिसला ती वेगळी राहते हे न विचारता कळतं. आमचा जुना कोयता त्या पावसाळ्यात दांड्याशी चिरला होता. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, म्हणजे त्याआधी नवा हवाच. दादांनी आईला सांगितलं, "बाजारातनं दोन कोयते आणा." आबांनी थोरलीला तेच सांगितलं. भांडणात त्यांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट. दोन कोयते म्हणजे दोन चुली. त्यानंतरचे दोन दिवस जेवताना थोरली वाढायची आणि आईच्या ताटात भाकरी जरा जास्त पडायची.

घोडनदीच्या बाजाराला आम्ही तिघी गेलो. गावाला कागदोपत्री शिरूर म्हणतात, पण बाजाराला जाताना सगळे घोडनदीलाच जातात. जीपमधून उतरल्यावर पहिल्यांदा गेलो ते लोखंडी सामानाच्या दुकानात. दोरीत ओवलेले कोयते मेथीच्या जुडीसारखे टांगलेले. रंग लावलेले दांडे, चकचकीत पाती. थोरलीनं एक हातात घेतला, पात्यावर नखानं टिचकी मारली, कान लावला आणि दुकानदाराकडं असं बघितलं की त्यानं नजर चुकवली. "पत्रा हाय," ती म्हणाली. "बाभळीला गुदगुल्या व्हतील." पण दोन आणायचे तर आणलेल्या पैशात तेच बसत होते. आईनं दोन वेगळे काढून ठेवले. मग ती नुसती उभी राहिली, त्या दोघांकडं बघत. नंतर काहीतरी निमित्त काढून म्हणाली, "आक्का, जरा फुडं बघून येऊ."

पुढं रस्त्याच्या कडेला एका घिसाड्यानं भाता मांडला होता. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसलेला आणि बायको पदर खोचून घण घालत होती. तिचा घण डोक्यावरून जाऊन बरोबर ठिकाणी उतरायचा, आणि बांगड्या तेवढ्यात खणकन वाजायच्या. मी ते इतकं पाहत राहिले की आईनं मला दोनदा हाक मारलेली ऐकूच आली नाही. बाजूला एक तयार पातं पडलं होतं. काळं, ओबडधोबड, रंग नाही की चकाकी नाही.

"ह्ये कशाचं?" आईनं विचारलं.

"ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं. बाभळीवर मारा, दगडावर मारा. तुमी थकाल, ह्यो थकायचा न्हाई."

भाव विचारला. आम्ही दोन कोयत्यांसाठी आणलेले सगळे पैसे त्या एकात जात होते. थोरली घासाघीस करायला बसली. तिच्या घासाघिशीपुढं आजवर कुणी टिकलेलं मी पाहिलं नव्हतं. पण घिसाड्याची बायको घण टेकवून कपाळ पुसत म्हणाली, "आक्का, घण मी उचलती. त्येचं वजन कमी करून देता का? मंग मी बी भाव कमी करती." थोरलीला हसू आलं. तिनं त्या बाईला पानाची चंची काढून सुपारी दिली आणि हार मान्य केली.

मग आईच बोलली. "एकच करा. पर चांगला करा."

"आगं, दोन आणाय सांगितल्यात," थोरली म्हणाली.

"सांगितल्यात त्यांनी. बाभूळ आपल्याला तोडायची हाय."

थोरली तिच्याकडं बघत राहिली. एरवी या जोडीत बोलायचं काम थोरलीचं आणि ऐकायचं आईचं. मी तेव्हा लहान होते, पण इथं काहीतरी घडलं हे मला कळलं. थोरलीनं कनवटीची गाठ सोडली आणि पैसे त्या घण घालणाऱ्या बाईच्या हातात ठेवले.

मी मोठी झाल्यावर आईला अनेकदा विचारलं, की तेव्हा तुझ्या मनात काय होतं? दोन चुली होऊ नयेत म्हणून तू एक घेतलास ना? आई दरवेळी एकच सांगते. "चांगला कोयता पायजे व्हता, बास. दोन पत्रं घिऊन काय करायचं व्हतं?" मी म्हणते, खरं सांग. ती म्हणते, खरंच सांगते. मला आता वाटतं की दोन्ही खरं असावं. चांगल्या वस्तूची पारख असलेली बाई दोन वाईट गोष्टी घरी आणायला तयार होत नाही, मग ते कोयते असोत की संसार. तिच्या तोंडून हे कधी निघणार नाही. मी तिची मुलगी आहे, मला हे म्हणायची मुभा आहे, आणि मी ते शाळेत, नात्यात, जिथं जिथं कुणी ऐकतं तिथं छाती पुढं काढून म्हणते.

खंडेनवमीला हत्यारं मांडली. कुऱ्हाड, लोकर कातरायच्या कात्र्या, खुरपी, विळे. मधोमध तो नवा काळा कोयता, त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. आबा हात जोडून उभे राहिले आणि त्यांची नजर ओळीवरून एकदा गेली, परत आली.

"दुसरा कुठाय?"

"ह्योच दोन हाय," थोरली म्हणाली.

दादांनी आईकडं पाहिलं. आई कापराची वडी शोधत होती. ती बराच वेळ सापडली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुक्कामाला गेले. न्हावऱ्याच्या अलीकडं एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसली होती. पुढं न्हावऱ्याचा फाटा होता. तिथून एक रस्ता तळेगावकडं, एक दौंडकडं. माझी सुट्टी संपेपर्यंत दोघांनीही इथंच थांबायचं आणि मग आपापल्या वाटेला लागायचं, असं ठरलं होतं. बांधाच्या अलीकडं आमची चूल, पलीकडं थोरलीची. दोन जाळ्या, दोन घोड्या, दोन धूर. बांधावरून मात्र कोयता दिवसभर ये-जा करत होता.

त्या कोयत्यानं दोघींचं प्रेम वाढलं असं मी लिहिलं तर आई मला घरात घेणार नाही. त्यांची इतकी भांडणं मी आधी कधी ऐकली नव्हती. "आक्का, कवाधरनं सरपण पडलंय, कोयता धाडा की!" "धाडती, माझ्या काय दोन हातात दोन हायेत व्हय?" "काल दगडावर मारला का? धार गेलीया." "तूच हाडकं तोडली असशील." हे सकाळी उठल्यापासून. पण भांडायला बांधावर यावं लागायचं, आणि बांधावर आलं की बाळूला थोरली उचलून घ्यायची, आणि बाळू तिच्याकडं गेला की आई पाण्याला जायची. आई एकटी पडली असं एक दिवसही झालं नाही. पुढच्या बाजारी दुसरा घेऊ, असं दोघी आपापल्या नवऱ्याला सांगायच्या. पुढच्या बाजारी घिसाड्याचा भाता उठलेला असायचा, किंवा पोराला ताप यायचा, किंवा जीप भरून गेलेली असायची. काही ना काही व्हायचंच.

दादांना हे सहन होईना. कोयता पाहिजे झाला की बांधापलीकडं मागणं धाडावं लागतं, आणि ते शेवटी भावाकडं मागितल्यासारखंच. एक दिवस ते तळेगावच्या बाजाराला गेले आणि धोतराच्या घोळात काहीतरी लपवून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दूरच्या ओढ्याकाठी बाभळीवर एकच ठोका ऐकू आला. दुसरा आलाच नाही. दादा रिकाम्या हातानं परतले आणि विचारलं तर म्हणाले, "बाभूळ किडकी निघाली."

थोरलीला दोन दिवसांनी शेळी हुडकताना ओढ्याच्या वाळूत पुरलेला तो कोयता सापडला. लाल रंगाचा दांडा, आणि पातं हसल्यासारखं वाकडं झालेलं. दुसरी कुणी असती तर गावभर दाखवत फिरली असती. थोरलीनं तो आणला, आमच्या चुलीसमोर जमिनीत ठोकला आणि त्याला शेळी बांधली. उरलेली सगळी सुट्टी शेळी त्या लाल दांड्याला बांधलेली होती. दादा जेवायला बसले की ती बरोबर समोर. आई पदर तोंडाला लावून भाकरी थापायची. मला आजही शेळी दिसली की हसू येतं.

त्यानंतरच एका दुपारी दादा बांध ओलांडून स्वतः गेले. आबा कडुलिंबाखाली बसून लोकर निवडत होते. दादा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "कोयता."

पोळ्यानंतर भावाशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. मी बाळूला कडेवर घेऊन ऐकत होते. आई आणि थोरली दोघी आपापल्या चुलीशी जशाच्या तशा थांबल्या.

आबांनी मान वर न करता कोयता पुढं सरकवला. दादांनी अंगठा पात्यावर आडवा फिरवला. "धार न्हाई ह्याला."

"कालच लावलीया."

"ही धार? तुमी दगडावर नुसता हात फिरवता. कोन धराय पायजे."

"आता तू मला कोन शिकीव. तुला पाला वढायची आकडी धराय मी शिकीवली."

"शिकीवली आसंल. धार न्हाई शिकीवली."

आबा उठले. घोंगड्याखालून दगड काढला, पाणी मागितलं आणि दोघं समोरासमोर उकिडवे बसले. आधी आबांनी धार लावली, दादांनी नाक मुरडलं. मग दादांनी लावली, आबांनी बाजूची काडी कापून बघितली आणि काही बोलले नाहीत, म्हणजे मान्य केलं. दगड पुढं-मागं जात राहिला. भांडण कोनावरून पाण्यावर गेलं, पाण्यावरून नदीच्या पाइपावर, पाइपावरून उसावर. आवाज चढत होते, पण आता ते एकमेकांशी चढत होते. मधे कुणाची बायको निरोप्या म्हणून उभी नव्हती. मला धार लावता येते ती त्या दुपारी बघून. पातं किती आडवं धरायचं, कधी पलटायचं, अंगठ्यानं कशी चाचपायची, सगळं मी तिथं उभ्या उभ्या शिकले. आईनं चहा टाकला. थोरलीनं दूध आणलं. चार कप एकाच चुलीवर झाले आणि कुणी त्याची दखल घेतली नाही.

तरी ठरलेलं बदललं नाही. आबा हट्टी, दादा त्यांचेच भाऊ. माझी सुट्टी संपायचा दिवस आला आणि त्याच सकाळी दोन्ही बिऱ्हाडं उठायची होती. आईनं बाळूला न्हाऊ घातलं, घोडीवर सामान बांधलं, गाठी दोनदा तपासल्या. मला तिनं जवळ घेतलं आणि लगेच सोडलं, जास्त वेळ धरलं असतं तर तिला रडू आलं असतं. आई थेंब थेंब करत पाणी चुलीवर ओतत होती, निखारे विझवत होती, तेवढ्यात थोरली बांध ओलांडून आली. तिच्या हातात कोयता होता. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि आमच्या घोडीवरच्या घोंगड्यांच्या घडीत तो दांड्यासकट खोल सारला. मी पाहतच होते.

"बघतीस काय?" ती मला म्हणाली. "दप्तर बांध."

दादांनी मला पुढं नेऊन फाट्यावर तळेगावच्या एसटीत बसवलं आणि ते मेंढरांकडं परत गेले. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले होते. मी खिडकीशी बसून रस्त्याकडं डोळे लावले. पहिल्यांदा आई आली. घोडीचा लगाम हातात, बाळू ओझ्यावर बांधलेल्या झोळीत, पायांशी कुत्रं. तिनं फाट्यावर माझ्या खिडकीकडं एकदा पाहिलं आणि दौंडच्या रस्त्याला लागली. पाठ ताठ होती. मागं वळून बघितलं नाही. एकटी, पण चालत होती. माझी वेणी घालताना तिनं विचारलेला प्रश्न मला आठवला.

मग थोरली आली. तिनं सरळ जायचं होतं, तळेगावच्या वाटेनं. फाट्याच्या मधोमध तिनं घोडी थांबवली, घोडीलाच दोन शिव्या दिल्या, लगामाला हिसका दिला आणि तीही दौंडच्या रस्त्याला वळली.

मागून आबांची हाक आली. "आगं, कुठं? हिकडं, हिकडं!"

"कोयता तिच्यात ऱ्हायलाय!" थोरली चालता चालता ओरडली.

"मंग घिऊन ये!"

"मी न्हाई पळत ह्या वयात. तुमी या!"

तोवर दोन्ही कळप फाट्यावर येऊन थडकले होते. निळी पाठ, गेरूची पाठ, सगळ्यांची खिचडी. एसटीचा रस्ता बंद. आबा काठी टेकवून मधोमध उभे. दादा कडेला उभे. चहावाला गंमत बघत, तळेगावकडं बोट दाखवून म्हणाला, "आबा, तुमचा रस्ता ह्यो न्हवं?"

आबांनी तळेगावच्या रस्त्याकडं बघितलं. दौंडच्या रस्त्याकडं बघितलं. तिकडं दोन घोड्या एकामागं एक लहान होत चालल्या होत्या, आणि पुढं आई होती.

"कोयता तिकडं गेलाया," आबा म्हणाले. "आता हातानं बाभळी तोडू व्हय आमी?" आणि त्यांनी तोंडात बोटं घालून शीळ घातली. दादांनी आपली मेंढरं काठीनं बाजूला दाबली आणि थोरल्या भावाच्या कळपाला आधी वाट दिली. पण मेंढरांना कसलं आधी आणि कसलं नंतर. सगळी एकदमच वळली.

माझ्या शेजारी मेथीची पाटी मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि धूळ चुकवत विचारलं, "कुणाची गं पोरी येवढी मेंढरं?"

त्या सुट्टीत हा प्रश्न मला येता-जाता बऱ्याच जणांनी विचारला होता. दरवेळी मी बोट दाखवून सांगितलं होतं, ही गेरूची आमची, ती निळीची चुलत्यांची.

"आमची," मी म्हटलं. "सगळी."